आईच्या लुगड्याची चिंधी

पाळणाघरात चार वर्षं आयागिरी केली की किस्से आपोआप साठतात. पहिले दोन मी हसत सांगते, पुढे मात्र अडखळते. भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. खुर्सीपारच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये आमचं पाळणाघर. घमेली वाहणाऱ्या मजूर बायका, म्हणजे रेजा, सकाळी मुलं सोडून कामावर जायच्या. सांभाळायला मी आणि भंडाऱ्याची अनसूया. आमच्यावर नागपूरच्या मोठ्या बाई, ट्रेनिंग घेतलेल्या!

*

दुपारचा भोंगा झाला की रेजा दूध पाजायला धावत यायच्या. मुलांना तो भोंगा पाठ! वाजला की रडणं बंद, सगळ्या माना दाराकडे. एकदा कोणीतरी तपासणीसाठी तो अकरालाच वाजवला. साईटवर पान्हा फुटून रेजांच्या चोळ्या भिजल्या, पण मुकादमाने सोडलं नाही. इकडे बारा पोरं दाराकडे बघताहेत आणि कोणी येईना!

अनसूया म्हणाली, "त्या भोंगेवाल्याले एक दिवस इथं आणून बसवा!"

*

मोठ्या बाईंचा नियम होता, मूल रडलं तरी उचलायचं नाही, सवय लागते. एकदा त्या अचानक आल्या, तर अनसूयाच्या दोन्ही कडेवर एकेक पोर!

"हे काय?"

"वजन करून राहिली, बाई!"

*

प्रत्येक मुलाजवळ आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी असायची, घामाची, सिमेंटची. ती नाकाशी धरली की पोर झोपायचं. बाईंना ती घाण वाटली. एका सकाळी त्यांनी आमच्याकडून सगळ्या चिंध्या साबणाच्या पाण्यात उकळून घेतल्या. शुभ्र निघाल्या! त्या दुपारी एकही मूल झोपलं नाही.

दुसऱ्या दिवशी रेजांनी हसत नव्या चिंध्या आणल्या. बुधनी तेवढी आली नाही, तापाने पडली होती. पाचव्या दिवशी ती गेली.

*

तिचा आठ महिन्यांचा सोमारू. त्याचा बाप मंगल त्याला रोज आणून सोडायचा. तीन दिवस पोर रडलं, मग थांबलं. बाटली तोंडात धरेना, भोंग्याला मान वळवेना.

"किती शांत मूल!" बाई म्हणाल्या.

"शांत नाही बाई, दिव्यावानी इझून राह्यलं थे लेकरू," अनसूया म्हणाली.

बाईंनी त्याच्या उशाची चिंधी उचलून हुंगली. नुसता साबणाचा वास. मग मला म्हणाल्या, "याला तू उचल. रोज तूच."

"सवय लागन ना, बाई?" अनसूयाने विचारलं.

"लागू दे."

आठव्या दिवशी मी त्याला खाली ठेवलं आणि तो टाहो फोडून रडला. मीही रडले, आनंदाने!

*

दोन महिन्यांनी मंगल त्याला गावी, आजीकडे न्यायला आला. कायमचा. सोमारूने माझा पदर मुठीत धरलेला, काही केल्या सोडेना.

मोठ्या बाई आतून कात्री घेऊन आल्या. माझ्या नेसत्या लुगड्याचा पदर त्यांनी हातभर कापला, सोमारूभोवती गुंडाळला आणि मंगलला म्हणाल्या, "इसे धोना मत."