शेजारच्या घरात शत्रू

माझी नणंद शोभा मोबाईलवर लढाईचा खेळ खेळते, बुद्धिबळासारखा, एकदा आपली पाळी एकदा समोरच्याची. काल तिचे घोडेस्वार जोरात निघाले आणि शत्रूच्या शेजारच्या घरात येऊन थांबलेच. मी म्हटलं, "अगं, अजून चार घरं जायचंय ना, पळव की!" ती हसली. "वहिनी, शत्रू शेजारी आला की चाल संपते. पुढचं पाऊल पुढच्या पाळीला. तुमच्यासारखं सुसाट पळायचं नसतं."

माझ्यासारखं म्हणजे, दवाखान्याच्या वाटेला गिरणीपाशी कुत्री बसतात, ती उठली की आधी माझे पाय थिजतात, मग मी मुलीला कडेवर घेऊन पळत सुटते आणि ती मागंच लागतात. मागच्या खेपेला पडता पडता वाचलो आम्ही दोघी, तशीच घरी परतले, पोरीची लस राहिली.

मला वाटायचं, पाय थिजतात म्हणजे मी भित्री. पण इथं तर घोड्यावरच्या शिपायांचेही थांबतात, आणि खेळ काही त्यांना भित्रं म्हणत नाही, नुसती पाळीची वाट बघायला लावतो.

आज पोरीला घेऊन पुन्हा निघाले. कुत्री उठली, मी थांबले. ती बघत राहिली. मग एक पाऊल टाकलं, परत थांबले, परत एक. दवाखान्याचं फाटक दिसायला लागलं तेवढ्यात पोरीनं कुत्र्याकडं हात केला नि म्हणाली, "ये, ये." मी तिचा हात ओढून घेणार होते, पण नाही ओढला. तिच्या पटावर अजून शत्रूच नाही, मी कशाला मांडू?