दोन खांद्यांची मापं

भाग्यश्री मूळची वाशीमजवळच्या एका गावची. वय एकोणतीस. पुण्यात बिबवेवाडीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती काउंटरवर बसते आणि कात्रजला भाड्याच्या खोलीत राहते. तिच्या पाठीचा कणा जन्मापासून थोडा वाकडा आहे, त्यामुळे डावा खांदा उजव्यापेक्षा खाली दिसतो. दुखत काही नाही. काही करायची गरज नाही, असं डॉक्टरांनी लहानपणीच सांगितलं होतं.

आईने मात्र केलं. भाग्यश्री आठवीत गेली तेव्हा आईने कापसाची छोटी गादी शिवली आणि ड्रेसच्या आतून डाव्या खांद्याला टाचली. वरून पिन लावलेली ओढणी. पुढे प्रत्येक नव्या ड्रेसला गादी लागत गेली. कापड सैल, गडद, मोठ्या फुलांचं घ्यायचं, म्हणजे फरक कळत नाही. काय आवडतं हा प्रश्नच यायचा नाही. घरात यावर कधी बोलणंही झालं नाही.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये, एका पेशंटचा रिपोर्ट काढायला ती खालच्या खणाशी वाकली आणि टाके उसवलेली गादी फरशीवर पडली.

"मॅडम, तुमचं काहीतरी पडलं," पलीकडचे आजोबा म्हणाले.

तिने ती उचलून पर्समध्ये टाकली आणि दिवसभर एक हात खांद्यावर ठेवून काम केलं.

संध्याकाळी ती खोलीच्या मागच्या गल्लीत मैनाताईंकडे गेली. मैनाताई मूळच्या कात्रजच्याच. शेताच्या जागी इमारती झाल्या तरी घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं शिवणयंत्र चालूच होतं.

"हे पक्कं शिवून द्या," भाग्यश्रीने गादी पुढे केली.

मैनाताईंनी ती दाबून पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं. "डावा खांदा खाली हाय तुमचा. आजवर माप एकाच बाजूचं घेतलं का?"

एवढ्या सरळपणे हे तिला कुणीच म्हटलं नव्हतं. तिने मान हलवली.

"मग कापड अंगावर बसंल कसं? दोन्ही बाजू येगळ्या कापाव्या लागत्यात." मैनाताईंनी टेप घेतला आणि दोन ओळींत मापं लिहिली.

दुसऱ्या दिवशी भाग्यश्रीने कापड आणून दिलं आणि आठवड्याने निळा सुती कुर्ता तयार झाला. डावी बाजू पाऊण इंच खाली उतरवलेली, गळा मधोमध. भाग्यश्रीने आरशात पाहिलं. खांदे होते तसेच होते, फक्त कापड कुठे ओढलं जात नव्हतं. तिला ते उघडंवाघडं वाटलं. पहिले पंधरा दिवस तिने त्यावर ओढणी घेतलीच.

एप्रिलच्या उकाड्यात एके दिवशी ओढणी खोलीवरच राहिली. दुपारी डबा खाताना शेजारच्या काउंटरवरची ऋतुजा म्हणाली, "ए, आज तू खांदा चाचपत नाहीयेस. रोज शंभर वेळा करतेस."

आपल्याला ही सवय आहे हे भाग्यश्रीला माहीतच नव्हतं. तिला आधी रागच आला. घरी परतताना बसमध्ये तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, हे कात्रज आल्यावर तिच्या लक्षात आलं.

त्यानंतर ती दुकानांत वेळ काढू लागली. मोठी फुलं आपल्याला मुळीच आवडत नाहीत, कॉलर आवडते, जाडसर सुती कापड बरं पडतं, हे तिला एकेक करून कळलं. एकदा तिने उभ्या पट्ट्यांचं कापड नेलं.

"पट्ट्यात तिरकं दिसंल हां," मैनाताई म्हणाल्या.

"दिसू दे. मला पट्टे हवेत."

"मग शिवते."

डिसेंबरात चुलतभाऊ विश्वजीतच्या लग्नाला ती गावी गेली. जांभळी साडी, मैनाताईंनी शिवलेलं ब्लाउज. आईने तयार होताना खांद्यावरून हात फिरवला आणि थांबली. "गादी काहून नाही लावली?"

"मला नको आहे, आई. टोचते ती."

"टोचत होती? मग सांगितलं काहून नाही?"

"तू विचारलं नाहीस."

आई पलंगावर बसली. बाहेरून कुणीतरी दोनदा हाका मारल्या. मग उठून तिने भाग्यश्रीच्या निऱ्या सारख्या केल्या, पदर नीट केला आणि पिन न लावता तसाच सोडला. मांडवात एका मावशीने खांद्याबद्दल विचारलंच. भाग्यश्री म्हणाली, "जन्मापासून आहे," आणि जेवणाच्या पंगतीकडे गेली. आई तिच्याशेजारी बसली, आणि जेवताना दोघी जांभळा रंग कुणाकुणाला शोभत नाही यावर बोलत राहिल्या.