राजाच्या दाढीतला काळोख

“आधी नीट बघा, मग बोला,” हे चष्मेवाल्या काकांचं वाक्य. दुकानात एखादं गिऱ्हाईक पाटीवरची अक्षरं अंदाजाने वाचायला लागलं की काका हे म्हणायचे. घरात किल्ली सापडत नाही अशी काकूंनी कुरकुर केली की तेव्हाही हेच. काकूंचा सारा संसार या वाक्याखाली गेला. घड्याळाच्या टिकटिकीची होते तशी त्यांना त्याची सवय झाली होती.

काकांचा जीव एका चांदीच्या नाण्यात होता. एका बाजूला दाढीवाला राजा, दुसऱ्या बाजूला जहाज. वर्षानुवर्षांच्या हवेने त्याच्यावर निळसर काळी झाक चढली होती आणि राजाच्या दाढीच्या वळणांत ती सांजेसारखी साचून राहिली होती. नाणी जमवणाऱ्यांचं एक मंडळ होतं. तिथे ही झाक म्हणजे नाण्याचं वय मानत. ती घासून काढणाऱ्याला मंडळात जागा नाही, हा नियम काकांनीच करून घेतला होता. मंडळातल्याच औषधवाल्याने टूथपेस्ट लावून आपलं नाणं लखलखीत केलं, तेव्हा काकांनीच उभं राहून भाषण ठोकलं आणि त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. घरी आल्यावरही कितीतरी दिवस ते करवादत होते, “टूथपेस्ट! अगं, टूथपेस्ट लावली गाढवाने!”

पुढे मंडळाने प्रदर्शन ठरवलं. ज्याचा फोटो सगळ्यांत सरस येईल त्याचं नाणं दारातच मोठं करून लागणार होतं. आयुष्यभर दुसऱ्यांना दिसावं म्हणून झिजलेल्या काकांना वाटलं, एकदा आपलंही काही लोकांनी मान वर करून बघावं.

त्यांनी कॅमेरा आणला. छोटासा, खिशात मावणारा. पण नाणं मोठं दिसावं म्हणून तो इतका जवळ न्यावा लागे की भिंगाचीच सावली राजाच्या तोंडावर पडे. काकांनी तो परत केला. कॅमेरेवाल्याने दुसरा दिला, नळकांड्यासारखा लांब. “काका, यात झाडावरच्या पाखराचा डोळा दिसतो!” पाखराचा दिसत असेल, पण टेबलावरच्या नाण्यापासून कॅमेरा हातभर लांब धरल्याशिवाय त्याला काही स्पष्ट दिसेना. काकांची तऱ्हाही हल्ली तशीच झाली होती, हे काकूंनी केव्हाच ओळखलं होतं.

तिसरा मात्र जमला. त्याला जवळच्या वस्तूंसाठी वेगळं भिंग बसत होतं आणि ते वीतभर अंतरावरूनही दाढीचा केस न् केस टिपत होतं. काकांनी कॅमेरा खाली तोंड करून स्टँडला बांधला, दोन बाजूंना दोन दिवे ठेवले, त्यांवर उजेड मऊ करायला बटर पेपर लावला आणि बटण दाबताना बोटाचा धक्का लागू नये म्हणून टायमर लावला. फोटो काढताना घरात कुणी चालायचंसुद्धा नाही. काकू एक पाय उचलून तशाच उभ्या राहायच्या.

इतकं करून फोटो मळकटच. काका दिव्यांना बोलले, कॅमेरेवाल्याच्या सात पिढ्यांना बोलले, जेवण सोडून खिडकीपाशी जाऊन बसले. काकूंना ते बघवेना. त्यांना सरळ दिसत होतं ते एवढंच, की नाणं काळं पडलंय.

दुसऱ्या दिवशी काका दुकानात गेल्यावर त्यांनी नाणं उचललं. टूथपेस्ट वाईट, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी खाण्याचा सोडा घेतला. चांदीचा चमचा घासावा तसं राजाला मायेने घासलं, पुसलं आणि होतं तिथेच ठेवलं.

संध्याकाळी काकांनी कॅमेऱ्याच्या पडद्यात पाहिलं आणि जवळजवळ नाचलेच. “आला! खरा रंग आला! दिवे थोडे उचलले, बघ, तेवढ्यानेच झालं. कामात नजर हवी, नजर!” पडद्यावर खिळलेलं त्यांचं लक्ष खालच्या नाण्याकडे एकदाही गेलं नाही. फोटो मंडळाकडे गेला.

आठवडा झाला नसेल, मंडळाचे सेक्रेटरी मोठा छापलेला फोटो घेऊन दारात उभे. बसा म्हटलं तरी बसेनात.

“काका, राजाच्या गालावर हे एका दिशेने गेलेले ओरखडे बघा. नाणं घासलंय.”

“काहीतरीच काय! आधी नीट बघा, मग बोला!”

“कॅमेरा फार चांगला घेतलात हो. त्याच्यामुळेच दिसलं.”

काका आत गेले आणि नाणं तळहातावर घेऊन उजेडात आले. दाढीत काळोखाचा कणही नव्हता. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“परवा बैठक आहे,” सेक्रेटरी जमिनीकडे बघत म्हणाले. “तुम्हीच केलेला नियम.” ते गेले.

“मी येते,” काकू म्हणाल्या. “मी सांगते सगळ्यांना, मी घासलं म्हणून. ह्यांना ठाऊकही नव्हतं.”

“अजिबात नको! मी घासलं म्हणून सांगणार मी.”

काकूंचे डोळे भरून आले. “माझ्यासाठी कशाला हो बोल लावून घेता?”

“तुझ्यासाठी कोण घेतंय? मी घासलं म्हटलं तर चुकलो एवढंच होईल. तू घासलंस आणि मला दिसलं नाही म्हटलं, तर उद्या माझ्याकडून चष्मा कोण करून घेईल?”

काकू पदराने डोळे पुसता पुसता हसल्या. रागवावं की कौतुक करावं, त्यांना कळेना.

बैठकीच्या दिवशी काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला. नाणं खिशात टाकलं, जुनं हातातलं भिंग घेतलं. कॅमेरा टेबलावरच ठेवला. “वाटेत औषधवाल्याकडे डोकावतो जरा,” म्हणाले आणि जिना उतरले.

काकूंना वाटलं, ह्यांचा एक फोटो तरी असावा. त्यांनी कॅमेरा खिडकीशी नेऊन डोळ्याला लावला. पण नाण्यासाठी बसवलेलं भिंग तसंच होतं. रस्त्यावर नुसता एक पांढरा ठिपका, धुक्यात विरघळलेला. त्यांनी कॅमेरा खाली ठेवला आणि औषधाच्या दुकानापाशी काका थांबले, दोन्ही हातांनी शर्ट सारखा केला आणि आत शिरले, ते साध्या डोळ्यांनी बघितलं.