रंगशुद्धीचं बटण

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तिला माझं सगळं ठाऊक आहे — हे एक सोडून. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही त्या माणसाला ओळखत नाही. ओळखत असता, तर तुमच्यापासूनही लपवलं असतं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. भिवंडीत एका टीव्हीच्या दुकानात मी मेकॅनिक होतो. गर्दी असली की विक्रीलाही उभा राहायचो. आमच्या शेलार गावच्या वस्तीतला टेक्निकल शिकलेला मी पहिलाच. त्यामुळे माझा शब्द — काय सांगू — माझा शब्द कुणी तपासून घेत नसे.

त्या वर्षी एक नवा रंगीत टीव्ही आला. जाहिरातीत एकच गोष्ट मोठ्या अक्षरांत: रंगशुद्धी. पडद्यावर रंगांचे डाग पडले तर पुढचं बटण दाबायचं, खरे रंग परत. मी मागचं झाकण उघडून पाहिलं होतं. बटण दाबलं की टक् वाजायचं. पण त्याला आतून एकही वायर जोडलेली नव्हती. आलेल्या एकाही टीव्हीत नव्हती. शेठना सांगितलं, तर म्हणाले, तक्रार आली की व्होल्टेजचं सांग.

तो टीव्ही मी शंकरकाकांना विकला.

शंकरकाका वडिलांचे मित्र. एका डाईंगमध्ये शेड बघायचे — म्हणजे रंगवून आलेलं कापडाचं थान खिडकीच्या उजेडात धरून, ते नमुन्याशी जुळतं की नाही, हे सांगायचे. आपल्याला दोन्ही काळे सारखेच दिसत. काका म्हणत, ह्यातला एक निळ्याकडे झुकलाय, एक तांबड्याकडे. त्यांनी मान हलवली की माल पुढे जायचा, नाही हलवली की परत टाकीत. त्या मानेवर त्यांचं घर चालायचं. घरच कशाला — तो सगळा माणूसच त्यावर उभा होता.

आठवड्याच्या आत ते दुकानात आले. म्हणाले, डाव्या कोपऱ्यात पिवळ्याचा हिरवा होतो, बटण दाबून काही होत नाही. मी व्होल्टेजचं सांगितलं. ते परत आले. घरात बाकी कुणाला फरक दिसतच नव्हता, त्यांना मात्र दिसत होता. तिसऱ्यांदा आले तो रविवार होता, दुकान भरलेलं. दोन गिऱ्हाइकं तोच टीव्ही घ्यायला उभी. त्यांच्यासमोर, काउंटरवर हात ठेवून, काका शांतपणे म्हणाले, "बटन खोटं हाय रं."

खरं होतं. काय बोलायला हवं होतं मी? एवढंच — हो काका.

मी हसलो. म्हणालो, "काका, टीव्ही बरोबर आहे. तुमचे डोळे दाखवून घ्या. वय झालं आता."

गिऱ्हाइकंही हसली. त्यातला एक म्हणाला, "चचा, चश्मा लगाओ." काका हसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले — रागानं नाही, थान उजेडात धरून बघतात तसे. मग म्हणाले, "तू शिकलेला हायस. तू म्हंतोस तर आसंल."

व्होल्टेजचं मला शेठनी शिकवलं होतं. डोळ्यांचं कुणी शिकवलं नव्हतं. ते माझं स्वतःचं.

पुढचं तुकड्यातुकड्यानं कळलं. चष्मेवाल्यानं जवळचा नंबर दिला — त्या वयात सगळ्यांनाच लागतो — पण काकांनी तोच पुरावा धरला. डाईंगमध्ये थान हातात घ्यायचे आणि शेजारच्याला विचारायचे, तुला काय दिसतंय? ज्याला सगळे विचारत, तोच विचारायला लागला. सहा महिन्यांत त्यांनी आपणहून काम सोडलं. मालक थांब म्हणत होते म्हणे.

त्या सहा महिन्यांत मी रोज त्यांच्या दारावरून जात होतो. रोज. किती पावलं लागली असती आत जायला?

काही वर्षांनी मी दुकान सोडून स्वतःचं दुरुस्तीचं काम सुरू केलं. भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामात सुटे भाग आणायला गेलो, तर फाटकावर खाकी शर्ट घालून काका बसलेले. जयभीम झाला. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, बरं झालं तू वेळेवर सांगितलंस, नाहीतर माझ्या हातून कुणाचा तरी माल बिघडला असता.

मी कप धरून बसलो. शेठ नव्हते, गिऱ्हाईक नव्हतं, हसायला कुणी नव्हतं. मग कशाची वाट बघत होतो मी?

निघताना त्यांची नजर माझ्या छातीवर थांबली. नवा शर्ट होता, बिस्किटी रंगाचा.

"खिसा दुसऱ्या थानाचा लावलाय काय रं?" मग लगेच, ओशाळून — "का मलाच तसं दिसतंय?"

"तुम्हालाच तसं दिसतंय, काका," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली.

घरी येऊन शर्ट खिडकीत धरला. बराच वेळ धरला, तेव्हा दिसलं. खिसा किंचित तांबूस होता.

काकांना जाऊन आता सात वर्षं झाली. त्यांचे डोळे चांगले होते. हे मला माहीत होतं. त्यांना नव्हतं.