कांचनताईंनी चिलखताला लावलेली हळद

इकडे परदेशात, आमच्या सँडरिंगहॅममध्ये साडीला फॉल लावायचा असो की पदराला गोंडे करायचे असोत, फोन जातो तो कांचनताईंना. काम चोख, तोंड मात्र फटकळ! "उद्या हवंय? मग कालच का नाही आलात?" हे ऐकून घेतल्याशिवाय कुणाचं कापड आत जात नाही.

शेजारच्या जपानी हारुकोबाई एकदा भलतंच घेऊन आल्या. आजोबांचं सामुराई चिलखत! लाखेच्या पट्ट्या शाबूत, पण त्या ओवून धरणारे रेशमी गोफ पार कुजलेले. लहानपणी पाहिलं होतं तसं ते ऐंशीव्या वाढदिवसाला एकदा उभं राहिलेलं बघायचं, एवढीच म्हातारीची इच्छा.

पाच महिने ताईंनी पांढरे गोफ विणले, ओवले, चुकले की उसवले. वाढदिवसाला तीन दिवस उरले आणि चिलखत उभं राहिलं. नेमकी त्या दिवशी खंडेनवमी. शिलाई मशीनची, कात्रीची पूजा करायची, आणि घरात साक्षात योद्धा उभा असताना त्याला वगळायचं? छे! परसातल्या कॅमेलियांचा हार घातला, शिरस्त्राणाला हळदकुंकू वाहिलं, पुढ्यात पुरणपोळी ठेवली.

हार सारखा करताना हळदीचं बोट छातीवरच्या पांढऱ्याशुभ्र गोफाला लागलं. ताईंनी घाबरून साबण चोळला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे जन्मभर कपड्यांत वावरलेल्या बाईला ठाऊक नाही? होतं हो! पण भीतीपुढे अक्कल चालते थोडीच? डाग लालभडक झाला, आणि तेवढ्यात दारात हारुकोबाई.

"मी... मी सगळं उसवते," ताईंनी कात्रीच उचलली.

"कशाला? स्वीट अ‍ॅज, काही बिघडलं नाही," हारुकोबाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष डागाकडे नव्हतंच, पुरणपोळीकडे होतं. "आमच्याकडे नववर्षाला याच्यापुढे तांदूळ कुटून केलेले गोळे ठेवायचे. आई गेली आणि हे पेटीत गेलं. साठ वर्षांत याला कुणी जेवायला वाढलं नव्हतं गं!" आणि त्या हसता हसता रडायला लागल्या. ताईही रडल्या, हे काय सांगायला हवं?

शनिवारी वाढदिवसाला पाहुणे जमले. "हे लाल कसलं?" कुणीतरी विचारलंच.

"कांचनच्या घरी पाहुणचार झालाय त्याचा," हारुकोबाई ताठ मानेनं म्हणाल्या. चिलखतापुढे तांदळाचे दोन गोळे मांडले होते, आणि शेजारी ताईंची पुरणपोळी.