पाकळीची नानकटाई

"मडम जाताना कुत्रं घिऊन गेली, आन् मला हितंच ठिवली," असं बाळाबाई एकदा म्हणाली आणि स्वतःच मोठ्यानं हसली. दत्तोपंतांना हसावं की हळहळावं ते कळेना. तिच्यासमोर त्यांचं नेहमी असंच व्हायचं.

उमेदीची सगळी वर्षं तिनं लाइन बाजाराकडच्या एका बंगल्यात चुलीपुढं काढली. इंग्रज गेले, बंगल्याला कुलूप लागलं. नवरा कधीच वारला होता, मूलबाळ नव्हतं. पुढची काही वर्षं ती मिळेल ते काम करत राहिली. भाऊ कबनूरला मागावर कापड विणायचा. तो म्हणायचा, ये इकडं, कांड्या भर, दोन घास खा. भावजय मात्र काहीच म्हणायची नाही. बाळाबाईला धास्ती होती ती त्याचीच. कोल्हापूर सोडायचं नाही म्हणून तिनं दत्तोपंतांचं महाद्वार रोडवरचं फराळाचं दुकान गाठलं.

तिची नानकटाई मडमेकडं शिकलेली. पत्र्याच्या पेटीला खालून वरून निखारे. अर्धी भाजली की पेटी उघडून एकेकीवर देशी गुलाबाची पाकळी दाबायची आणि पुन्हा झाकायची. आधीच लावली तर पाकळी काळी पडते. अशी अर्ध्यावर लावली की रंग थोडा विटतो, पण वास तुपात उतरतो.

"शुक्रवारी ठेवू," दत्तोपंत म्हणाले. "देवीला गर्दी असते. लोकांना चव देऊ. खपली तर रोज घेईन."

"आन् न्हाय खपली तर कबनूर," बाळाबाई म्हणाली.

शुक्रवारी देवळातून पहिला आला गूळबाजारातला आकाराम. बाळाबाईनं परात पुढं केली. त्यानं डाव्या तळव्यावर उजवा ठेवला, नानकटाई घेतली, दोन्ही डोळ्यांना लावली. पाकळी सोडवून टोपीत खोवली, कणभर तुकडा तोंडात टाकला आणि उरलेली रुमालात बांधली.

"आकाराम, अरे खायची आहे ती!"

"खाल्ली की."

"आवडली तर पावशेर बांधू?"

आकाराम दचकला. "पंत, परसाद इकायला काढलासा व्हय?"

मागून भाजीवाली बनाबाई आली. तिनं तर पायरीखालीच वहाणा काढल्या. "कंच्या देवीचा म्हनायचा ह्यो?"

"देवीचा नाही हो. ह्या बाळाबाईंनी केलंय."

"आगं बया! म्हंजे हिच्या अंगात येतंय?" आणि कुणी अडवायच्या आत ती बाळाबाईच्या पाया पडली.

"गुलकंद खाता ना तुम्ही?" दत्तोपंत आता काकुळतीला आले. "तसंच आहे हे."

"गुलकंद पित्ताला खात्यात," आकारामनं ठणकावलं.

मग रांगच लागली. माणसं येत होती, डोळ्यांना लावत होती, तुकडा चाखून जात होती. एकानं परातीत हळूच आणा ठेवला. बाळाबाई एकदा त्या आण्याकडं बघे, एकदा लोकांच्या हातांकडं. आपलं काय चुकलं, हे तिला उमगत नव्हतं.

"पाकळीच नाही लावली तर?" गर्दी पांगल्यावर दत्तोपंतांनी विचारलं.

"मग तशी समद्या दुकानात हाय की. माझीच कशापायी घेशीला?"

दत्तोपंतांची नजर मागच्या फळीकडं गेली. बिनपाकळीची त्यांच्या स्वतःच्या बरण्यांतच भरलेली होती.

परातीत शेवटची एक उरली होती. ती तिनं त्यांच्यापुढं धरली. "तुमी तरी खावा."

खाणारच होते ते. मॅट्रिक झालेला माणूस. फूल म्हणजे फूल आणि बिस्कीट म्हणजे बिस्कीट, एवढं त्यांना कळत होतं. पाकळीसकट आख्खी तोंडात टाकायची, तिच्या देखत. त्यांनी हात पुढं केला. डावा तळवा आपोआप उजव्याखाली गेला. वास खरोखरच चांगला होता. चहाबरोबर कशी लागेल, असा विचार मनात आला, आणि तोवर मिटल्या पापणीला काहीतरी सुकं, पातळ लागलं.

त्यांनी डोळे उघडले. बाळाबाई त्यांच्याकडंच बघत होती. तिनं आणा उचलून गल्ल्यावर ठेवला, परात कपड्यानं पुसली, काखेत मारली, आणि पायऱ्या उतरून कबनूरची मोटार धरायला स्टँडाच्या वाटेला लागली.