बुबिंग्याच्या लाटा

मढच्या मंगलनं सुतारकी वडिलांकडून उचलली. भाऊ चाकणच्या कंपनीत रमला. मंगलचा जीव रंध्यात. लग्न गावातच झालं, त्यामुळे माहेरची शेड सुटली नाही. चाळिशीपर्यंत साग, शिसव, बाभूळ, सगळं तिच्या हाताखालून गेलं होतं. बुबिंगा मात्र नावानंसुद्धा ठाऊक नव्हता.

माळशेजच्या रस्त्याला पर्यटकांसाठी खोल्या बांधणारे गेणभाऊ एका सकाळी पिकअप घेऊन आले. आत एकच फळी, पण उतरवायला सहा जण लागले.

"बुबिंगा म्हंत्यात, आफ्रिकेचं लाकूड हाये. दोन सुतारांनी हात जोडले," गेणभाऊ म्हणाले. "टेबल व्हईल का बघ."

फळी मळकट तांबडी दिसत होती. मंगलनं सहज ओंजळभर पाणी शिंपडलं, आणि लाकडातून लाटाच वर आल्या. वाऱ्यानं भाताचं खाचर हलावं तशा, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"करते," ती म्हणाली. दर विचारायचंही राहून गेलं.

रंधा दुसऱ्यांदा फिरला आणि नखाएवढा ढलपा उडाला. मागं खड्डा. रंध्याच्या मशीननं तर चार खड्डे पाडले. लाटेगणिक लाकडाची रेषा उलटत होती. एकीकडून गुळगुळीत होई, तेच पुढं उचकटे. मंगल हात मागं घेऊन उभी राहिली.

तिच्या वडिलांनी, सावळेरामांनी, बाजेवरून उठून फळीवर बोटं फिरवली. "ह्याला कापू नको पोरी, खरवड."

मंगलनं करवतीच्या जुन्या पात्याचा वीतभर तुकडा कापला, कानशीनं त्याची कड सरळ केली आणि पटाशीची पाठ घासून ती कड जराशी वळवली. दोन्ही अंगठ्यांनी दाबून पातं पुढं ढकललं. कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ सालपा निघाला. खाली एक ओरखडा नाही.

"आबा, निघालं," ती एवढंच म्हणाली, पण तिला हसू आवरेना.

अकरा दिवस ती खरवडत होती. घासून तापलेल्या पात्यानं अंगठे भाजत, तांबड्या भुग्यानं शिंका येत. तोंडाला ओढणी बांधून ती पहाटे उठल्या उठल्या शेडमध्ये शिरे. खड्डे तिनं त्याच लाकडाचा भुगा डिंकात कालवून भरले.

गेणभाऊंना काचेसारखं चकचकीत पॉलिश हवं होतं. मंगलनं वाद घातला नाही. फळीच्या कापलेल्या एका तुकड्याच्या अर्ध्यावर ते मारलं, अर्ध्यावर जवसाचं तेल जिरवलं आणि तुकडा उन्हात धरला. पॉलिशवर आभाळ दिसत होतं, तेलाखाली लाकूड.

"तेलच लाव राव," गेणभाऊ म्हणाले. टेबल तयार झालं तेव्हा त्याभोवती ते दोनदा फिरले. चालताना लाटा सरकतात हे त्यांच्या ध्यानात आलं, तसे तिसऱ्यांदा फिरले.

उरलेला तुकडा मंगलनं मजुरीत मागून घेतला. त्याचा तिनं रंधा घडवला, आणि त्यावर स्वतःचं नाव कोरलं.